अॅमस्टरडॅमचे एक नाट्यगृह आणि एक कोळीण

इस्राएलहून युरोपच्या सहलीला जाणारे आपले लोक अॅमस्टरडॅमला उतरले की कालव्याकाठचे अॅन फ्रँकचे घर आवर्जून पाहतात. अरुंद जिना चढून वर जातात आणि जड मनाने खाली येतात. त्याच शहरात प्लांटाज मिडनलान नावाचा एक रुंद, झाडांचा रस्ता आहे. ट्रामगाडी त्यावरून जाते, जवळच प्राणिसंग्रहालय आहे. या रस्त्यावर एका जुन्या नाट्यगृहाचा पांढरा दर्शनी भाग उभा आहे. त्याचे नाव 'होलांदशे स्खाऊबुर्ख', म्हणजे हॉलंडचे नाट्यगृह. अॅन फ्रँकच्या घराइतकी गर्दी तेथे नसते. परंतु नटाचा धंदा म्हणजे काय, नटाला समाज काय देतो आणि काय देत नाही, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने त्या दारापाशी थोडा वेळ थांबावे. या लेखात त्या नाट्यगृहाची व तेथे गाजलेल्या एका यहुदी नटीची हकिकत सांगावयाची आहे.

हे नाट्यगृह १८९२ साली बांधले गेले आणि १८९४ पासून वरील नावाने ओळखले जाऊ लागले. आसपासची वस्ती बऱ्याच अंशी यहुदी होती. अॅमस्टरडॅमचे यहुदी म्हणजे सगळे हिऱ्यांचे व्यापारी, अशी आपल्याकडे काहींची समजूत असते. ती खरी नाही. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर, सिगार वळणारे कामगार, हातगाडीवर फळे-मासळी विकणारे फेरीवाले, असा तो बहुतांशी कष्टकरी समाज होता. आपल्या कोकणातल्या तेल्यांसारखा म्हणा ना! आणि या समाजाला नाटकाचे मोठे वेड होते.

डच रंगभूमीवर त्या काळी नटाच्या शिक्षणाचाही विचार सुरू झाला होता. १८७४ साली अॅमस्टरडॅममध्ये नटांसाठी शाळा निघाली. लुई बाउमेस्टर हा त्या पिढीचा सर्वांत नावाजलेला नट. तो यहुदी नव्हता, पण त्याची सर्वांत गाजलेली भूमिका होती शेक्सपिअरच्या 'व्हेनिसच्या व्यापाऱ्या'तील यहुदी शायलॉकची. आणि पुढे ज्या यहुदी नटीला साऱ्या देशाने डोक्यावर घेतले, तिची सर्वांत गाजलेली भूमिका होती एका ख्रिस्ती कोळणीची! रंगभूमीची ही गंमत आहे. तेथे कोणी कोणाच्या घरी जन्म घेतला हे विचारले जात नाही. दुसऱ्याचे सुखदुःख तू आमच्यापर्यंत पोहोचवतोस की नाही, एवढेच विचारले जाते.

त्या नटीचे नाव एस्तर द बूर-फान रैक. तिचा जन्म १८५३ साली रॉटरडॅमच्या एका यहुदी घरात झाला. आणि जो नाटककार तिला लाभला तोही रॉटरडॅमचाच यहुदी, हर्मन हायर्मान्स, जन्म १८६४. हायर्मान्स समाजवादी विचारांचा, फटकळ माणूस. १८९८ साली त्याने 'घेट्टो' नावाचे नाटक लिहिले आणि त्यात आपल्याच समाजाच्या संकुचितपणावर कोरडे ओढले. घरचा आहेर कोणाला आवडतो? तो पुष्कळांना खटकला. परंतु दोनच वर्षांनी त्याने जे नाटक दिले, त्याने अख्ख्या देशाला रडवले.

२४ डिसेंबर १९०० रोजी याच होलांदशे स्खाऊबुर्खमध्ये 'ऑप होप फान झेखन' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नावाचा अर्थ साधारण 'आशीर्वादाच्या आशेवर' असा होतो, आणि नाटकात ते एका मासेमारी गलबताचे नाव आहे. कथा अशी: क्नीर्त्ये नावाची एक कोळीण आहे. तिचा नवरा आणि दोन मुलगे समुद्राने आधीच नेले आहेत. उरलेल्या दोन मुलांपैकी धाकट्याला समुद्राची धडकी भरलेली असते. गलबत आतून कुजलेले आहे, हे मालकाला ठाऊक असते; पण गलबताचा विमा उतरवलेला असतो. मुलगा जायला तयार नसतो, दाराची चौकट धरून बसतो, आणि त्याला ओढून नेले जाते. पोटासाठी, आणि लोक काय म्हणतील या भीतीने, आईनेच त्याला जाण्याचा आग्रह केलेला असतो. गलबत बुडते. दोन्ही मुलगे जातात. शेवटी मालकाच्या घरून मिळालेले अन्नाचे भांडे हातात घेऊन ती म्हातारी घरी निघते.

वाचकहो, ही कथा आपल्याला परकी वाटते काय? अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आपल्या शेजारच्या कोळीवाड्यातून आपण हेच पाहत आलो. पावसाळ्याच्या तोंडावर गेलेली होडी वेळेवर आली नाही की किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या बायका आपल्या आज्यांनी पाहिल्या आहेत. आणि आपल्या समाजाची मूळ कथा तरी काय आहे? नवगावजवळ फुटलेले गलबत आणि त्यातून वाचलेली सात जोडपी. समुद्राने काय दिले आणि काय घेतले, याची आठवण आपल्याही घरात आहे.

एस्तरबाई त्या वेळी ४७ वर्षांच्या होत्या. क्नीर्त्येची भूमिका वाटते तितकी सोपी नाही. प्रेक्षकांना रडवायचे असेल तर रंगमंचावर धाय मोकलून रडणे हा सोपा मार्ग. पण ही बाई आयुष्यभर दुःख गिळत आलेली आहे, मालकाचे उपकार मानण्याची तिला सवय लागली आहे, आणि मुलाच्या मरणात आपलाही हात आहे हे तिला कळते आहे. हातात अन्नाचे भांडे धरून दोन पावले चालायची, आणि त्या दोन पावलांत एवढे सगळे दाखवायचे! कला म्हणतात ती हीच. एस्तरबाईंनी ही भूमिका सुमारे १२०० वेळा केली. या नाटकावर १९१८ साली मूक चित्रपट निघाला, त्यातही त्या होत्या. १९३४ साली बोलपट निघाला, त्यातही त्याच होत्या, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी! एका पिढीने आपल्या आईबरोबर ज्या क्नीर्त्येला पाहिले, तिलाच पुढच्या पिढीने आपल्या मुलांना नेऊन दाखवले.

येथे एक तुलना मनात येते. त्याच काळात आपल्या मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. बालगंधर्वांची भामिनी १९११ सालच्या 'मानापमाना'तली. घरंदाज बाईने नाटकात उभे राहावे, हे आपल्याकडे मान्य नव्हते. पुढे मूकपट आले तेव्हाही ही अडचण होतीच, आणि त्या वेळी धीटपणे कॅमेऱ्यापुढे आल्या त्यांत यहुदी मुली होत्या. 'सुलोचना' म्हणून गाजलेली रुबी मायर्स बगदादी घराण्यातली, तर फिरोजा बेगम म्हणजे आपली बेने इस्राएल सुझन सॉलोमन. दोघींनी नावे बदलली. एस्तरबाईंना मात्र आपले एस्तर हे नाव बदलावे लागले नाही. हॉलंडमध्ये यहुदी माणूस किती निश्चिंत होता, याची ही एक लहानशी खूण समजावी.

नाटकाचा परिणाम नाट्यगृहाबाहेरही झाला. कुजकी गलबते समुद्रात पाठवण्याविरुद्ध लोकमत तयार झाले आणि १९०९ साली हॉलंडमध्ये जहाजांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्या कायद्यामागे या नाटकाने चेतवलेली जनतेची भावना होती, असे डच लोक मानतात. नटाचे काम केवळ करमणूक, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हे नाटक हॉलंडपुरते राहिले नाही. १९०३ साली लंडनमध्ये सुप्रसिद्ध नटी एलेन टेरी हिने ते इंग्रजीत केले. आणि मॉस्कोमध्ये जे घडले त्याचा तर आपल्याशी, म्हणजे इस्राएलात राहणाऱ्यांशी, जवळचा संबंध आहे. अभिनयाची शास्त्रशुद्ध पद्धत शिकवणारे स्तानिस्लाव्हस्की यांनी तरुण नटांसाठी एक प्रयोगशाळा काढली होती. बाहेरून हावभाव चिकटवायचे नाहीत, पात्राच्या मनात शिरून आतून भूमिका उभी करायची, ही त्यांची शिकवण. या प्रयोगशाळेने १९१३ साली लोकांपुढे जे पहिले नाटक आणले, ते हायर्मान्सचे हेच नाटक! त्याच प्रयोगशाळेत तयार झालेले वाख्तांगोव्ह हे पुढे 'हबीमा' या हिब्रू नाटक मंडळीचे गुरू झाले. त्यांनी बसवलेला 'दिब्बुक' १९२२ साली मॉस्कोत रंगभूमीवर आला. हबीमा १९२६ साली रशियातून बाहेर पडली, नंतर तेल अवीवला स्थिरावली आणि १९५८ साली इस्राएलचे राष्ट्रीय नाट्यगृह झाली. तेल अवीवला हबीमाच्या चौकातून आपण बसने जातो तेव्हा अॅमस्टरडॅमच्या कोळणीची कोणाला आठवण येणार? पण ज्या शाळेत हबीमाचा गुरू घडला, त्या शाळेचा पहिला धडा तिचाच होता.

हायर्मान्स १९२४ साली वारला. एस्तरबाई १९३७ साली, वयाच्या ८४ व्या वर्षी गेल्या. पुढे जे घडले ते पाहण्याआधी गेल्या, हे त्यांचे नशीब.

१९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्याने हॉलंड घेतले. तेव्हा देशात सुमारे १,४०,००० यहुदी होते, त्यांतले निम्म्याहून अधिक अॅमस्टरडॅममध्ये. एकदम काही झाले नाही. एकेक दार बंद होत गेले. प्रथम सरकारी नोकऱ्या गेल्या, मग बागा, वाचनालये, चित्रपटगृहे. १९४१ साली यहुद्यांना सार्वजनिक नाट्यगृहांत जाण्याची बंदी झाली. यहुदी नटांना इतर नटांबरोबर काम करता येईना. यहुदी लेखकांची नाटके बंद झाली. म्हणजे ज्या क्नीर्त्येने देशाचा कायदा बदलला, ती डच रंगभूमीवर येऊ शकत नव्हती. याच सुमारास नाझींनी कलावंतांची एक सक्तीची संघटना काढली. तिचे सभासद झाल्यावाचून रंगमंचावर पाय ठेवता येईना, आणि यहुद्याला सभासदत्व नव्हते. पुष्कळ डच नटांनी पोटाकडे पाहून सही केली. काहींनी मात्र नकार दिला, धंदा सोडला आणि युद्ध संपेपर्यंत रंगभूमीला पारखे झाले. शार्लोट कोलर ही त्यांतली एक मोठी नटी. अशांची नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

होलांदशे स्खाऊबुर्खचे नाव याच वर्षी बदलून 'यहुदी नाट्यगृह' असे करण्यात आले. नट यहुदी, वादक यहुदी, प्रेक्षकही फक्त यहुदी. जर्मनीहून पळून आलेला कुर्ट गेरॉन तेथे काम करू लागला. बर्लिनमध्ये १९२८ साली 'तीन पैशांच्या तमाशा'त त्याने नाव मिळवले होते, १९३० च्या 'ब्लू एंजल' चित्रपटात तो होता. आणि आता तो या कोंडलेल्या नाट्यगृहात आपल्याच भेदरलेल्या लोकांना दोन घटका हसवत होता. प्रयोगांना गर्दी होई. बाहेरची सगळी दारे बंद झालेल्या माणसांना हे एकच दार उघडे होते.

१९४२ च्या उन्हाळ्यात तेही दार बंद झाले. किंवा खरे म्हणजे उलट दिशेने उघडले. नाझींनी नाट्यगृह ताब्यात घेतले आणि यहुद्यांना देशाबाहेर धाडण्यापूर्वी गोळा करून ठेवण्याची जागा म्हणून वापरले. ज्या खुर्च्यांवर बसून लोक नाटक पाहत, त्याच जागी कुटुंबेच्या कुटुंबे बोचकी घेऊन दिवस दिवस, कधी आठवडे, बसून राहत. नोव्हेंबर १९४३ पर्यंत सुमारे ४६,००० माणसे या एका दारातून गेली. तेथून वेस्टरबोर्कची छावणी, आणि वेस्टरबोर्कहून बहुतेकांना आउशविट्झ किंवा सोबिबोर.

वेस्टरबोर्कमध्येही रंगमंच होता. छावणीच्या नाझी अधिकाऱ्याला करमणुकीची हौस होती. आठवड्याला गाडी सुटे ती बहुधा मंगळवारी सकाळी, आणि त्याच संध्याकाळी कधी कधी नाच-गाण्याचा, विनोदाचा कार्यक्रम होई. माक्स एर्लिख, विली रोझेन असे बर्लिनचे नामांकित कलावंत त्यात होते. जोपर्यंत कार्यक्रम चालू आहेत तोपर्यंत आपले नाव यादीत येणार नाही, ही नटाची आशा. सकाळी ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे संध्याकाळी विनोद करावा की करू नये? छावणीतल्या लोकांतही याबद्दल दोन मते होती. आपण आज सुरक्षित घरात बसून निवाडा देऊ नये. १९४४ च्या उन्हाळ्यात हे कार्यक्रम बंद झाले आणि त्या साली एर्लिख व रोझेन दोघेही आउशविट्झला मारले गेले. गेरॉनला तेरेझिनच्या छावणीत एक खोटा प्रचारपट काढायला लावण्यात आले आणि काम होताच, ऑक्टोबर १९४४ मध्ये, त्यालाही आउशविट्झला पाठवून ठार करण्यात आले. हॉलंडच्या यहुद्यांपैकी सुमारे १,०२,००० माणसे परत आली नाहीत.

या अंधारात त्याच रस्त्यावर एक वेगळीही गोष्ट घडली. नाट्यगृहासमोर, ट्रामच्या रुळांपलीकडे, एक पाळणाघर होते. पकडलेल्या कुटुंबांतील लहान मुले तेथे ठेवीत. नाट्यगृहातील कारभार पाहण्यासाठी नेमलेला वाल्टर झ्यूसकिंड हा यहुदी मनुष्य, पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल आणि शेजारच्या शिक्षक-विद्यालयाचे प्रमुख, ख्रिस्ती गृहस्थ योहान फान हुल्स्ट यांनी मिळून मुलांना बाहेर काढण्याचे काम चालवले. यादीतून नाव गाळायचे, मागच्या बागेतून मूल शेजारी द्यायचे, किंवा ट्राम मध्ये आली आणि पहारेकऱ्याची नजर अडली की त्या क्षणी मुलाला घेऊन निघायचे. पिशवीत, टोपलीत, कसेही. सुमारे ६०० मुले अशी वाचली. पिमेंटेलबाई १९४३ साली आउशविट्झला मारल्या गेल्या, झ्यूसकिंड १९४५ साली गेला. फान हुल्स्ट यांना याद वाशेमने गौरवले. ते २०१८ साली, १०७ वर्षांचे होऊन वारले. झ्यूसकिंड रोज नाझी अधिकाऱ्यांशी हसतखेळत बोले आणि पाठीमागे मुले पळवी. नाट्यगृहातला सर्वांत कठीण अभिनय रंगमंचावर झाला नाही, तो त्याने दारात उभे राहून केला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

युद्ध संपल्यावर या इमारतीत पुन्हा करमणुकीचे कार्यक्रम सुरू करण्याचा घाट घातला गेला. लोकांनी विरोध केला, वर्गणी जमवून ती विकत घेतली आणि १९५० साली अॅमस्टरडॅम शहराला दिली. १९६२ पासून ती स्मारक आहे. प्रेक्षागृह पाडले, तेथे उघडे अंगण आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात रस्त्यापलीकडच्या त्याच शिक्षक-विद्यालयाच्या इमारतीत हॉलंडचे राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय उघडले, आणि नाट्यगृहाचीही डागडुजी झाली. या नाट्यगृहात पुन्हा नाटक झाले नाही.

पण नाटक देशातून गेले नाही. लपून वाचलेली हाइन्त्ये डाव्हिड्स ही हसवणारी नटी पुन्हा उभी राहिली. १९५४ साली तिने समारंभाने निरोप घेतला आणि नंतर इतक्या वेळा परत आली, पुन्हा निरोप घेतला, पुन्हा आली, की निरोप घेऊन परत येणाऱ्या माणसासाठी डच भाषेत तिच्या नावाचाच वाक्प्रचार झाला! ती १९७५ साली गेली. तिच्या या लहरीवर लोक हसत. परंतु जिच्या प्रेक्षकांतले इतके जण एका निरोपाविना गेले, तिला रंगमंच सोडवत नव्हता, यात नवल ते काय?

मग दूरदर्शन आले. हॉलंडचे पहिले प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९५१ रोजी बुसुम गावातल्या, पूर्वी चर्च असलेल्या एका स्टुडिओतून झाले आणि पहिल्याच संध्याकाळी एक नाटुकले दाखवले गेले. योगायोग असा की आपल्या मुंबईचे दूरदर्शन केंद्रही २ ऑक्टोबरलाच सुरू झाले, १९७२ साली. रंगभूमीच्या नटाला ही नवी शाळाच होती. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो, हाताचा फेक मोठा ठेवावा लागतो. कॅमेरा मात्र हाताच्या अंतरावर असतो. तेथे आवाज चढवला की खोटा वाटतो, भुवई जरा जास्त उचलली की सोंग वाटते. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत नाटक थेट प्रक्षेपित होई. चुकले तर चुकले, आणि टाळी कोठेच नाही! १९६० ते १९६५ या काळात इतिहासकार लू द योंग यांनी जर्मन अंमलावरची २१ भागांची मालिका याच माध्यमातून सादर केली, आणि ज्या गोष्टी लोक बोलत नव्हते त्या घराघरांत पोहोचल्या.

पुढच्या पिढीतला येरून क्राबे हा चित्रपट-दूरदर्शनचा जगप्रसिद्ध नट, जन्म १९४४. त्याची आई यहुदी. तिचे वडील अब्राहाम राइस सोबिबोरला मारले गेले. एवढी वर्षे दुसऱ्यांच्या भूमिका करणाऱ्या या नटाने उतारवयात कुंचला हाती घेऊन आपल्या आजोबांचा शेवटचा प्रवास नऊ मोठ्या चित्रांत रंगवला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या समाजाची नाट्यपरंपरा लहान असली तरी खरी आहे. १८८० च्या सुमारास आपल्या वडीलधाऱ्यांनी योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनात लावली. जोसेफ डेव्हिड पेणकरांच्या नाटकावरून १९३१ साली 'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट निघाला. आणि ठाण्याचे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर! १९५४ च्या 'बूट पॉलिश'मधले त्यांचे जॉन चाचा कोणाला आठवत नाहीत? झोपडपट्टीतल्या दोन अनाथ पोरांना माया लावणारा तो चाचा साऱ्या हिंदुस्थानचा चाचा झाला, जशी क्नीर्त्ये साऱ्या हॉलंडची आई झाली. डेव्हिड कोणत्या धर्माचे, हे विचारण्याचे कोणाला कारण पडले नाही, आणि विचारले म्हणून कोणी दारही लावले नाही.

हॉलंडच्या लोकांनी एस्तरबाईंच्या दुःखावर चाळीस वर्षे अश्रू ढाळले. तिच्या समाजावर वेळ आली तेव्हा त्यांतले थोडेच पुढे आले. अश्रूंनी गलबतांचा कायदा बदलला, पण तेवढ्याने शेजाऱ्याचे दार वाचले नाही. म्हणून नटाची कला व्यर्थ ठरते असे मला वाटत नाही. नट आपल्याला दुसऱ्याच्या जागी उभे करून दाखवतो. पडदा पडल्यावर त्या जागी उभे राहायचे की घरी जायचे, हे प्रेक्षकाने ठरवायचे असते. फान हुल्स्ट उभे राहिले.

आपण ज्या देशात दोन हजार वर्षे राहून आलो, तेथे आपल्या नटांवर अशी वेळ आली नाही, याबद्दल परमेश्वराचे आणि त्या भूमीचे आभार मानावेत. अॅमस्टरडॅमला जाल तेव्हा प्लांटाज मिडनलानवरही जा. त्या अंगणात उभे राहून आपली प्रार्थना म्हणा, आणि मुलांनी विचारले तर त्यांना त्या कोळणीची गोष्ट मराठीतून सांगा. समुद्राची गोष्ट आहे. आपल्या भाषेत ती चांगली सांगता येते.